कधी चालणारी, कधी न चालणारी रिमोट चावी: दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

रिमोट चावी पूर्ण बंद पडली तर काय करायचं ते बहुतेकांना सुचतं. डोकं खाते ती अर्धवट चालणारी चावी. सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहिल्या दाबाला दार उघडतं आणि दुपारी ऑफिसखाली चार वेळा दाबलं तरी गाडी ढिम्म. वैतागून सर्व्हिस सेंटर गाठावं, तर तिथे ती नेमकी व्यवस्थित चालते आणि काउंटरवरचा माणूस ‘नवी चावी मागवून घ्या’ म्हणून मोकळा होतो. नव्या चावीचा खर्च हजारांत जातो. पुश स्टार्टची, म्हणजे चावी न फिरवता बटण दाबून सुरू होणारी गाडी असेल तर आणखी जास्त. बऱ्याचदा मात्र दोष एवढासाच असतो: उतरलेला सेल, सेलला टेकणारी धातूची पट्टी सैल होणं, झिजलेलं बटण. तो घरच्या घरी शोधता येतो. फक्त क्रम सोडायचा नाही आणि बघण्याआधी काही बदलायचं नाही.

ज्यांनी आजवर चावी उघडूनही पाहिलेली नाही, त्यांना समोर धरून हे लिहितो आहे.

चावीत काय काय असतं

साध्या फ्लिप चावीत, म्हणजे जिचं पातं दुमडून आत जातं तिच्यात, तीन स्वतंत्र गोष्टी असतात आणि त्या एकमेकींवर अवलंबून नसतात. पहिली म्हणजे धातूचं पातं. दुसरी इमोबिलायझरची चिप. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं असतं, त्यातून चिपला जागं होण्यापुरती शक्ती मिळते आणि ती आपली ओळख गाडीला सांगते. ओळख पटली तरच इंजिन सुरू होतं. तिसरी गोष्ट म्हणजे रिमोटचं छोटं सर्किट. सेल असतो तो याच्यासाठी. बटण दाबलं की हे सर्किट रेडिओ संदेश सोडतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो ४३३.९२ मेगाहर्ट्झवर जातो. अमेरिका आणि जपानकडच्या गाड्यांत ३१५ मेगाहर्ट्झ वापरात आहे, म्हणून तिकडून मागवलेली दिसायला हुबेहूब चावी इथल्या गाडीला चालेलच असं नाही.

यावरून पहिलं निदान लगेच होतं. रिमोटने दार उघडत नाही पण चावी फिरवल्यावर गाडी चालू होते, म्हणजे चिप शाबूत आहे आणि शोध रिमोटच्या बाजूला घ्यायचा. रिमोट झकास चालतो पण डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकतं आणि गाडी सुरू होत नाही, तर प्रश्न चिपचा किंवा त्या वेटोळ्याचा आहे. तिथे सेल बदलून काहीही होणार नाही.

पुश स्टार्टच्या चावीत आणखी एक काम वाढतं. तुम्ही दाराजवळ गेलात की गाडी कमी फ्रिक्वेन्सीवर हाक मारते आणि चावी तिला उत्तर देते. ही हाक ऐकण्यासाठी चावी सतत सावध असते, त्यामुळे तिचा सेलही लवकर उतरतो. वर्ष-दोन वर्षांत तो बदलावा लागला तर त्यात वावगं काही नाही.

दोन दिवस नुसतं निरीक्षण करा

ही पायरी सगळे गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात कामाची हीच आहे. लहरी चावी ज्या पद्धतीने लहरीपणा करते, त्यातच उत्तर असतं. चावी चालली नाही की लगेच पाच गोष्टी बघा आणि मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा.

कुठे झालं? एकाच जागी पुन्हा पुन्हा होत असेल आणि बाकी सगळीकडे चावी नीट चालत असेल, तर चावी निर्दोष आहे. त्या जागी हवेत काहीतरी गोंधळ आहे.

किती अंतरावरून? लांबून नाही पण दाराला टेकून चालते, म्हणजे सेल उतरत आलाय किंवा गाडीची बॅटरी अशक्त झालीय. आधी वीस पावलांवरून उघडायची ती आता तीन पावलांवर आली असेल तर सेलकडे पहिला संशय न्यावा.

कोणतं बटण? लॉक होतं पण अनलॉक होत नाही, किंवा उलट, असं असेल तर सेल ठीक आहे आणि बिघाड त्या एका बटणाखाली आहे. अनलॉकचं बटण आधी जातं, कारण घाईत ते जोरात आणि वारंवार दाबलं जातं.

गाडीने काही प्रतिसाद दिला का? इंडिकेटर लुकलुकले, पण दाराचं कुलूप हललं नाही, याचा अर्थ संदेश गाडीपर्यंत पोहोचला. चावीने तिचं काम केलं. आता बघायचं ते दारातल्या मोटरकडे. चारपैकी एकच दार अडून बसत असेल तर चावीचा काहीच संबंध नाही.

दुसरी चावी काय म्हणते? घरातल्या कपाटात पडलेली ती चावी काढा आणि त्याच जागी, त्याच वेळी लावून बघा. दुसरी चालली तर दोष पहिलीत. दोन्ही अडखळल्या तर दोष गाडीत किंवा त्या जागेत. या एका चाचणीने निम्मा गुंता सुटतो. दुसरीचा सेलही वापराविना उतरलेला असू शकतो, तेवढं लक्षात ठेवा. पुश स्टार्टची गाडी असेल तर पहिली चावी दूर ठेवून दुसरी तपासा, नाहीतर उत्तर नेमकं कोणी दिलं ते कळणार नाही.

सेल बदलताना

सेलवर छापलेला आकडा वाचायला शिका. सीआर २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर २०२५ चा व्यास तोच, जाडी २.५. सीआर १६२० म्हणजे १६ मिलिमीटर व्यास, २ मिलिमीटर जाडी. व्होल्टेज तिन्हींचं ३ च, त्यामुळे दुकानदार ‘बसतोय ना, चालेल’ म्हणून २०३२ च्या जागी २०२५ देतो. तो बसतोही. पण ०.७ मिलिमीटरची फट राहते आणि दाबणारी पट्टी सेलला जेमतेम टेकते. मग चावी टेबलावर आपटली की चालते, खिशात हलली की बंद. नवा सेल घातल्यानंतरच चावी लहरी झाली असेल तर आधी हा आकडा तपासा. उलटं केलं, म्हणजे २०२५ च्या जागी जाड सेल कोंबला, तर पट्ट्या वाकतात आणि नंतर योग्य सेल घातला तरी त्या पुरेशा दाबत नाहीत.

चावी उघडताना घाई नको. पुश स्टार्टच्या चावीतलं छोटं पातं आधी बाहेर काढा, त्याच्या मागे बहुधा खाच सापडते. तिथे चपट्या स्क्रूड्रायव्हरचं टोक, त्यावर कापडाची चिंधी गुंडाळून, घालायचं आणि हलकेच पिळायचं. टक् असा आवाज येऊन दोन भाग सुटतात. जुना सेल काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. अधिक खुणेची बाजू वर आहे की खाली, हे नंतर आठवत नाही आणि हे प्रत्येक चावीत वेगळं असतं. सेल कडांना धरा. धातूच्या चिमट्याने दोन्ही बाजू एकदम पकडल्या तर शॉर्ट होऊन नवा सेलही उतरतो.

आता पट्ट्यांकडे नीट बघा. मोबाइलचा टॉर्च लावा. चांगल्या पट्टीवर चमक असते आणि बोटाने दाबून सोडली की ती परत वर येते. काळपट किंवा हिरवट थर दिसला तर कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी आश्चर्य मानू नये. खारट दमट हवा आणि खिशातला घाम यांचा हा परिणाम. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्याला लावून तो थर पुसून काढा. हाताचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पेट्रोल आणि थिनर तर अजिबात नको, प्लॅस्टिक विरघळतं. पट्टी दबून सपाट झालेली असेल तर लाकडी टूथपिकने अगदी केसभर वर उचला.

व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर असेल तर सेल बदलण्याआधी मोजून घ्या. नवा सेल ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो. २.८ च्या खाली आला की बदलावा. पण सुटा सेल मोजून फसगत होऊ शकते. म्हातारा सेल काही काम नसताना ३ दाखवतो आणि काम पडलं की ढेपाळतो. त्यामुळे जमलं तर सेल जागेवर ठेवून दोन पट्ट्यांवर मीटरच्या सुया टेकवा आणि बटण दाबा. दाबताक्षणी आकडा धपकन खाली गेला तर सेल संपलाय. सेल चांगल्या कंपनीचा, बंद पाकिटातला, मागची मुदत बघून घ्या. शंभर रुपयांच्या आतली वस्तू आहे, रस्त्यावरच्या सुट्या पट्टीतला घेऊन काही वाचत नाही.

एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. हा गोल सेल लहान मुलाने गिळला तर दोन तासांच्या आतही अन्ननलिका भाजू शकते. मूल खेळत असलं, दुखत नाही म्हणालं तरी थांबू नका. उलटी करायला लावू नका, सरळ हॉस्पिटल गाठा आणि सेल गिळल्याचं सांगा. जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून उंचावर ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या.

बटण आणि सर्किट

सेल बदलूनही एकच बटण रुसत असेल तर रबराचं आवरण बाजूला करा आणि आतला हिरवा बोर्ड बघा. त्यावर चौकोनी, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे खटके असतात. नखाने थेट खटकाच दाबा. चांगला खटका बारीक पण ठाम ‘टिक’ करतो. झिजलेला मऊ लागतो, आवाज येत नाही किंवा तिरका दाबला तरच लागतो. थेट दाबल्यावर दर वेळी चालतो पण रबरावरून दाबल्यावर नाही, तर खटका ठीक आहे आणि रबराचा आतला टोकदार भाग झिजलाय. फक्त केस बदलून भागेल.

कधी खटका ठीक असतो पण त्याच्या पायाशी झाळ (सोल्डर) सुटलेली असते. भिंगातून बघितलं की पायाभोवती केसासारखी गोल भेग दिसते. चावी पडण्याने हे होतं. सेलच्या पट्ट्यांच्या पायाशीही हेच होतं आणि मग सगळी बटणं एकदम कधी चालतात, कधी नाहीत. झाळणीचा हात नसेल तर इथे स्वतः प्रयोग करू नका. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे बोर्ड न्या, त्याच्याकडे बारीक टोकाची झाळणी असते आणि काम दहा-पंधरा मिनिटांचं असतं. तसे खटके पुण्यात तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला किरकोळ किमतीत मिळतात. जुना बोर्ड सोबत न्या, कारण खटक्याची उंची जुळली नाही तर रबर वर उचललं जातं किंवा बटण कायमचं दाबलेलं राहतं.

कायमचं दाबलेलं बटण हा वेगळाच त्रास आहे. नवा सेल आठवड्यात उतरला तर चावी पर्समध्ये किंवा घट्ट जीन्सच्या खिशात दाबली जात नाही ना, बघा. पुश स्टार्टच्या चावीबाबत ती गाडीजवळ तर टांगलेली नसते ना, हेही बघा. बंगल्याच्या पोर्चमध्ये गाडी आणि भिंतीपलीकडे चावीचं हूक असेल तर दोघींचा संवाद रात्रभर चालू राहू शकतो. चावी आत नेऊन ठेवा. टोयोटाच्या काही चाव्यांत सेल वाचवण्याची सोय आहे: लॉक दाबून धरून अनलॉक दोनदा दाबलं की चावीवरचा दिवा चार वेळा लुकलुकतो आणि चावी झोपते. कोणतंही बटण दाबलं की जागी होते.

पावसात भिजलेली किंवा कपड्यांबरोबर मशीनमध्ये गेलेली चावी लगेच दाबून बघू नका. आधी सेल काढा. ओलाव्यात वीज असली की पट्ट्या खाल्ल्या जातात. बोर्ड अल्कोहोलने पुसा, पंख्याखाली एक-दोन दिवस उघडा ठेवा, मग नवा सेल घाला. तांदळाच्या डब्यात ठेवायची काही गरज नाही, उलट पीठ आत जातं.

जागेचा दोष

एकाच ठिकाणी चावी अडत असेल तर आजूबाजूला बघा. टीव्ही किंवा रेडिओचा मनोरा, वीज उपकेंद्र, विमानतळ अशा ठिकाणी चावीचा क्षीण संदेश दबतो. ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास वायरलेस बेल आणि गेटचे रिमोटही बोलत असतात. शेजारच्या एखाद्या उपकरणाचं बटण अडकून बसलं तर अख्ख्या पार्किंगमधल्या चाव्या मुक्या होतात. अशा वेळी शेजाऱ्यांना विचारा, त्यांचीही तीच तक्रार असेल.

गोंधळ कधी आपल्याच खिशात असतो. मोबाइलला चिकटून ठेवलेली चावी, एकाच जुडग्यात दोन गाड्यांच्या चाव्या, धातूचं शोभेचं कव्हर ही नेहमीची कारणं. गाडीच्या आत ‘चावी सापडत नाही’ असा संदेश अधूनमधून येत असेल तर सॉकेटला लावलेला स्वस्त चार्जर किंवा डॅशकॅम काढून दोन दिवस चालवून बघा.

लॉकचं बटण दाबूनही गाडी लॉक झाली नाही तर ते गंभीरपणे घ्या. संदेश मुद्दाम जाम करून गाडी उघडी ठेवणं ही चोरांची माहीत असलेली पद्धत आहे. गर्दीच्या पार्किंगमध्ये कुलपाचा आवाज ऐका, मग हँडल ओढून बघा आणि मगच निघा.

गाडीकडून काय बिघडतं

दोन्ही चाव्या अडखळतात, आणि तेही मुख्यतः गाडी तीन-चार दिवस उभी राहिल्यावर, तर बॉनेटखालची १२ व्होल्टची बॅटरी तपासा. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे चावीला दोष देऊ नका. सोबत कुलपांचा आवाज मरगळलेला वाटतो आणि सेल्फ जड फिरतो.

दार, डिकी किंवा बॉनेट अर्धवट लागलेलं असेल तर अनेक गाड्या रिमोटने लॉक होत नाहीत. इग्निशन चालू असेल तरीही नाही. पुश स्टार्टच्या गाडीत रिमोट चालतो पण हँडलवरचं बटण चालत नाही, तर बहुधा ते बटण खराब आहे. पाऊस आणि गाडी धुण्याचं पाणी तिथेच साचतं.

बेस मॉडेलला बाहेरून बसवून घेतलेलं सेंट्रल लॉकिंग असेल तर हिशेब वेगळा. त्याचा रिसीव्हर डॅशबोर्डखाली चिकटपट्टीने लटकवलेला असतो आणि अँटेनाची बारीक वायर कुठेतरी धातूमागे दबलेली असते. ती मोकळी, सरळ, उंचावर नेली की अंतर लगेच वाढतं. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनला, म्हणजे गाड्यांच्या वायरमनला, सांगा. काही जुन्या रिमोटमध्ये गोल सेल नसून १२ व्होल्टचा २३ए हा नळीसारखा सेल असतो, तो घड्याळवाल्याकडेही मिळतो.

राहिला कोडचा प्रश्न. प्रत्येक दाबाला चावी नवा कोड पाठवते आणि गाडी पुढच्या ठरावीक कोडांचीच वाट बघते. लहान मूल गाडीपासून दूर शेकडो वेळा बटण दाबत बसलं तर चावी फार पुढे निघून जाते आणि गाडी तिला ओळखेनाशी होते. गाडीजवळ उभं राहून लागोपाठ दोनदा दाबणं किंवा इग्निशनमध्ये चावी घालून चालू करणं यावर अनेक गाड्यांत ताळमेळ परत बसतो. नेमकी रीत गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत असते.

पुश स्टार्टची गाडी अडली तर

हे आजच एकदा करून बघा, घाटात रात्री शिकू नका. चावीतलं पातं काढा, ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप शोधा. काही गाड्यांत ते हँडलवरच्या टोपणाखाली लपलेलं असतं. दार उघडल्यावर अलार्म वाजला तर घाबरू नका, गाडी चालू झाली की थांबतो. मग आत बसून ब्रेक किंवा क्लच दाबा, चावी स्टार्ट बटणाला टेकवा आणि बटण दाबा. मारुती, ह्युंदाई, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत हे असंच चालतं, कारण चिपला सेल लागत नाही. इतर काही गाड्यांत चावी टेकवायची जागा स्टिअरिंगच्या खांबाजवळ, कन्सोलमध्ये किंवा कप होल्डरमध्ये असते. दाराचं कुलूप वर्षभर न फिरवल्यास अडतं, म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा पातं घालून फिरवा.

केस किंवा चावी बदलायची वेळ आली तर

केस फुटली असेल तर नवी रिकामी केस स्वस्तात मिळते. पण अनेक फ्लिप चाव्यांत इमोबिलायझरची चिप बोर्डवर नसून केसच्या एका खोबणीत बसवलेली असते. काळा, नखाएवढाही नसलेला तो तुकडा जुन्या केसबरोबर कचऱ्यात गेला की रिमोट चालतो आणि गाडी सुरू होत नाही. नवी केस गाडीत लावून इंजिन सुरू करून बघेपर्यंत जुनी टाकू नका.

खरोखर नवी चावी लागली तर गाडीबरोबर मिळालेला चावी क्रमांकाचा छोटा टॅग शोधा. सर्व्हिस सेंटरला तो लागतो, आणि सोबत आरसी आणि ओळखपत्रही. बाहेरच्या चावीवाल्याकडे जाणार असाल तर त्याच्याकडे तुमच्या मॉडेलचा प्रोग्रॅमर, म्हणजे नवी चावी गाडीत नोंदवायचं यंत्र, आहे का ते विचारा आणि काम तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या. चावी हरवली असेल तर नवी जोडतानाच हरवलेली गाडीच्या नोंदीतून काढून टाकायला सांगा. जुनी गाडी विकत घेताना दोन्ही चाव्या मागून घ्या, कारण गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी दोन्ही मागते. विम्यात चावी बदलण्याचं वेगळं संरक्षण मिळतं, नूतनीकरणाच्या वेळी एजंटला त्याची किंमत विचारा.

प्रोग्रॅमिंगला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या. अनेक गाड्यांत नवी चावी नोंदवताना जुन्या नोंदी पुसल्या जातात आणि त्या वेळी जी समोर नसेल ती चावी त्या दिवसापासून गाडी ओळखत नाही.